दोरीवरची पोर आणि अठ्ठावीस वाक्यं

डोंबाऱ्याचा खेळ रंगात आला की एकदा दोरीकडे पाठ फिरवावी आणि बघणाऱ्यांकडे बघावं. वणीच्या रंगनाथस्वामींची जत्रा असो की एखादा आठवडी बाजार, दृश्य सारखंच. बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेली दोरी, खाली ढोलकी आणि वर आडवी काठी धरून चालणारी आठ-नऊ वर्षांची पोर. ती डावीकडे कलली की घोळक्यातली नऊवारीतली म्हातारी उजवीकडे कलते. सायकल धरून उभ्या असलेल्या गड्याची बोटं चपलेत आवळतात. एखादी बाई पदर तोंडाशी नेते आणि तिथंच धरून ठेवते. मग पोर खाली उतरते, थाळी घेऊन फिरू लागते, आणि निम्मा घोळका पांगतो.

अंग कललं, पण हात खिशात गेला नाही. या दोहोंत नेमकं काय घडतं, आणि तरण्यापेक्षा म्हातारीचं अंग जास्त कलतं की कमी, हे मोजायचा खटाटोप मानसशास्त्र गेली पाऊणशे वर्षं करत आहे. त्या मोजपट्टीची ही कुळकथा.

गंमत अशी की या घराण्याचा मूळ पुरुषही दोरीपाशीच सापडतो. अ‍ॅडम स्मिथला आपण अर्थशास्त्राचा जनक म्हणून ओळखतो, पण त्याचं पहिलं पुस्तक माणसाच्या नैतिक भावनांवरचं, १७५९ सालचं. ढिल्या दोरीवर नाचणाऱ्याकडे टक लावून बघणारी गर्दी स्वतःचीच अंगं कशी पिळते, कशी तोल सावरते, याचं वर्णन त्यात अगदी सुरुवातीलाच येतं. पुढे दीडशे वर्षांनी म्युनिकच्या थिओडोर लिप्सनंही उदाहरणाला कसरतवालाच घेतला. लिप्सचं म्हणणं होतं की बघणारा त्या क्षणी खाली उभा नसतोच. तो त्या कसरतवाल्याच्या आत असतो. यासाठी जो जर्मन शब्द त्यानं वापरला तो मात्र उसना होता. १८७३ साली रॉबर्ट व्हिशरनं कलेवरच्या आपल्या प्रबंधात ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द चालवला होता. अर्थ, आत शिरून जाणवणं. व्हिशरच्या मनात दुसऱ्याचं दुःख वगैरे काही नव्हतं. आकार, रेषा, इमारती बघताना माणूस त्यांच्यात कसा शिरतो, एवढाच त्याचा प्रश्न. १९०९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या एडवर्ड टिचनरनं या शब्दाला ग्रीक कपडे घालून इंग्रजीत आणलं आणि ‘एम्पथी’ जन्माला आली. मराठीतल्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत तिला समानुभूती म्हणतात, कुणी परानुभूती म्हणतं. बोलताना मात्र आपण सहानुभूतीवरच भागवतो.

कलेच्या दारातून आत आलेली ही कल्पना वाचून आपल्याकडचं काव्यशास्त्र चाळलेला माणूस गालात हसेल. सहृदय हा शब्द अभिनवगुप्तानं काश्मिरात हजार वर्षांपूर्वी घोळवून ठेवला होता. करुण हाच एक रस, बाकीचे त्याचीच रूपं, असं आपल्या नाटकात वदवणारा भवभूती तर स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो. ते गाव म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं. पण मला या सगळ्यांपेक्षा नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे मोजणी आहे. प्रयोग लागला की नाही हे कशावरून ओळखायचं? भरत यादी देतो. प्रेक्षक मंद हसले का, मोठ्यानं हसले का, ‘अहो’ म्हणाले का, हळहळले का, अंगावर काटा आला का, जागेवरून उठले का, आणि शेवटी, अंगावरची वस्त्रं नि बोटातल्या अंगठ्या काढून दिल्या का. अंग कललं का आणि हात खिशात गेला का, दोन्ही एकाच तक्त्यात. शिवाय वयाचाही हिशेब त्यानं ठेवलाय. तरुण शृंगारात रमतात, वृद्ध धर्मकथा-पुराणांत. कोणत्या वयाचा माणूस कशानं हलेल, ते समोर काय ठेवलंय त्यावर ठरतं, असा याचा अर्थ. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात असू द्यावी.

मराठीत या घराण्याची शाखा न. चिं. केळकरांनी रोवली. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण कोण याचं भान सुटू देत नाही, आणि त्या दुहेरी जगण्यात आनंद असतो. पुढे अमेरिकेत समानुभूतीच्या व्याख्येवर शेकडो पानं खर्ची पडली. त्यातली बरीचशी केळकरांच्या या दोन शब्दांत मावतील असं मला वाटतं. केळकरांना दुःखात सापडलेला शेजारी मात्र फारसा अभिप्रेत नव्हता.

तो शेजारी संमेलनाच्या व्यासपीठावर आला २०१९ च्या जानेवारीत, यवतमाळला. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावरून झालेला गदारोळ सगळ्यांना आठवतो. त्या गदारोळानंतर उद्घाटन झालं ते आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं. ज्या बायकांचे नवरे गेले त्याच बायका या नाटकात रंगमंचावर उभ्या राहतात. व्हिशर, लिप्स, केळकर यांच्या कुणाच्याही चौकटीत हे नीट बसत नाही. इथे नटाच्या आत कुणी पात्र नसतं, जिच्यात शिरायचं ती बाईच समोर असते.

पात्र हा शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जपूनच उच्चारावा लागतो. शेतकऱ्याची आत्महत्या झाली की तहसीलमधून अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा हे निकष. २००६ पासून पात्र प्रकरणाला एक लाखाची मदत. शासनाच्या कागदांवर दुःखाची अशी मोजणी रोज होते. अनुकंपा या शब्दाचीही तीच गत. मूळ संस्कृत अर्थ, दुसरा थरथरला की सोबत थरथरणं. म्हणजे दोरीखालची म्हातारीच. आज जिल्हा परिषदेत हा शब्द ऐकू येतो तो ‘अनुकंपा तत्त्वावर’ या जोडीत, आणि त्याला प्रतीक्षा यादी असते, वयोमर्यादा असते. मी हे टिंगलीनं सांगत नाही. मदत वाटायची तर निकष लागतात. फक्त मोजलं जातं ते दुःख भोगणाऱ्याला. ते बघणाऱ्याला मोजायचं ठरवलं तर?

तसं ठरवणाऱ्या पहिल्या काहींत होती रोझालिंड डायमंड. विद्यापीठ पुन्हा कॉर्नेलच, साल १९४९. तिची रीत साधी आणि चतुर होती. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना एकमेकांच्या सहवासात ठेवायचं. मग प्रत्येकानं चार कामं करायची. स्वतःला सहा गुणांवर पाच पायऱ्यांमध्ये तोलायचं. दुसऱ्याला तोलायचं. तो दुसरा स्वतःला किती देईल ते ओळखायचं. आणि तो मला किती देईल, तेही. अंदाज आणि खरा आकडा यांतलं अंतर जितकं कमी तितकी समानुभूती जास्त. या पद्धतीत एक गोष्ट होती जी पुढे हरवली: समोर एक विशिष्ट माणूस होता. त्याला नाव होतं, चेहरा होता, आणि आपण चुकलो तर तो सांगू शकत होता.

सहा वर्षांनी ली क्रॉनबाक आणि नॅथॅनियल गेज या दोघांनी या पद्धतीचा पाया काढून घेतला. समजा मी स्वतःला धीट समजतो आणि समोरच्यालाही तसंच समजून गुण दिले. तोही योगायोगानं धीट निघाला. माझा अंदाज बरोबर, पण मी त्याच्या मनात डोकावलो कुठे? मी तर आरशात बघितलं. किंवा मी सरळ ‘कॉलेजची पोरं अशीच असतात’ असं धरून चाललो, तरी उत्तरं बरीच जुळतील. या आक्षेपाला त्या वेळी कुणाकडे धड उत्तर नव्हतं. डायमंडबाई पुढे झोप आणि स्वप्नांच्या अभ्यासाकडे वळल्या आणि तिथे कार्टराइट या नावानं मोठ्या झाल्या. समानुभूतीचं माप काही काळ पोरकं पडलं.

मग संशोधकांनी सोपी वाट धरली. दुसऱ्या माणसाला खोलीबाहेर काढलं आणि हातात कागद दिला. तुम्हीच सांगा तुम्ही किती हळवे. १९६९ मध्ये रॉबर्ट होगनची ६४ वाक्यं आली, १९७२ मध्ये मेहरेबियन आणि एप्स्टाइन यांची ३३. आणि १९८० मध्ये मार्क डेव्हिसची २८, जी आज जगभर सगळ्यात जास्त वापरली जातात. डेव्हिसचं श्रेय हे की त्यानं एका गाठोड्याच्या चार पुरचुंड्या केल्या, प्रत्येकीत सात वाक्यं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं ही एक. दुसऱ्यासाठी कळवळणं ही दुसरी. कथेतल्या माणसांत हरवून जाणं ही तिसरी. व्हिशरच्या घराण्याची ती आठवण. आणि चौथी, दुसऱ्याचा त्रास बघून आपलाच जीव घाबराघुबरा होणं. शेवटची मोठी मार्मिक आहे. अपघात बघून भोवळ येणारा माणूस हळवा खराच, पण जखमीला उचलायच्या कामाचा नाही. मराठीला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. कळवळा वेगळा आणि पोटात कालवणं वेगळं. कणव वेगळी, कीव तर फारच वेगळी. प्रत्येक वाक्यापुढे पाच घरं, ‘मला मुळीच लागू नाही’ पासून ‘अगदी लागू’ पर्यंत, शून्य ते चार गुण.

ही अठ्ठावीस वाक्यं वऱ्हाडीत आणून बघावीत. मी कागदावर प्रयत्न केला आणि दोन ठिकाणी अडलो. त्यांतली नऊ वाक्यं उलटी आहेत. म्हणजे माणूस सरधोपट ‘हो, हो’ करत जाऊ नये म्हणून मुद्दाम नकारार्थी. दुसऱ्याच्या अडचणीचं मला फारसं वाटत नाही, हे तुम्हाला लागू पडत नाही का? नाहीला नाही लावून हो करायचं हे गणित शाळेत गेलेल्यांनाही गोंधळात टाकतं. सत्तरीच्या आजीला ओसरीवर वाचून दाखवलं तर ती विचारणाऱ्याकडेच कीव येऊन बघेल. दुसरी अडचण कथेतल्या माणसांची. ती वाक्यं कादंबरी, नाटक, सिनेमा यांभोवती फिरतात. जिनं आयुष्यात कादंबरी उघडली नाही तिला या पुरचुंडीत शून्य द्यायचं का? भागवत सप्ताहात रुक्मिणी स्वयंवराच्या दिवशी तिचा हात डोळ्यांना लागतोच. दंडारीत, कीर्तनात, आता टीव्हीच्या मालिकेत. शब्द बदलता येतात. पण मग तरण्या मुलीला एक वाक्य विचारलं आणि आजीला दुसरंच, तर दोघींची तुलना कशी करायची?

आणि वयाची तुलना हाच तर या विद्येतला सगळ्यात निसरडा भाग. २०१३ मध्ये ओब्रायन, कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पंचाहत्तर हजार प्रौढांची उत्तरं एकत्र मांडली, तेव्हा उलट्या टोपलीसारखी रेषा निघाली. तरुण खाली, पन्नाशीच्या आसपासचे वर, म्हातारे पुन्हा खाली. बायका पुरुषांपेक्षा वर. वर्तमानपत्रांनी लगेच म्हातारपणी माणूस आटतो असं छापायला हरकत नव्हती. पण त्याआधी, २००८ मध्ये, ग्र्यून आणि सहकाऱ्यांनी त्याच माणसांना बारा वर्षं पुन्हा पुन्हा विचारून बघितलं होतं. एकाच दिवशी मोजलं तर वृद्ध तरुणांपेक्षा खाली दिसत होते. पण प्रत्येकाची स्वतःची रेषा वयाबरोबर खाली उतरत नव्हती. म्हणजे फरक वयाचा कमी आणि पिढीचा जास्त. माणूस आटला नव्हता, तो वेगळ्या काळात घडला होता. पिढीचा परिणाम उलटाही होतो. १९७९ ते २००९ या तीस वर्षांतल्या अमेरिकी कॉलेजकुमारांची डेव्हिसच्याच मापानं तुलना केली तेव्हा आकडे घसरताना दिसले आणि मोठी ओरड झाली. पुढच्या वर्षांतले आकडे जोडल्यावर ते पुन्हा चढताना दिसले. त्याची ओरड झाली नाही.

यवतमाळात हे सोडवणं आणखी अवघड. बहात्तरच्या दुष्काळात जो बावीस वर्षांचा होता, तो रोजगार हमीच्या खडीवर घडला. आज जी बावीस वर्षांची आहे, तिच्या कानावर लहानपणापासून बोंडअळी, तगादा, पात्र, अपात्र हे शब्द पडलेत, आणि २०१७ च्या फवारणीतली विषबाधा तिनं घराशेजारी बघितली असेल. दोघांच्या गुणांत फरक निघाला तर तो पिकलेल्या केसांचा की काळाचा, हे एका सकाळी भरलेला कागद सांगू शकणार नाही.

कागदावर भरवसा नाही म्हणून काहींनी पुन्हा माणूस आणला, निदान त्याचे डोळे तरी. सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटानं २००१ मध्ये सुधारून दिलेल्या चाचणीत फक्त डोळ्यांच्या पट्टीचे ३६ फोटो आहेत, प्रत्येकाभोवती चार शब्द. या डोळ्यांमागे काय चाललंय ते निवडायचं. यात वृद्ध बहुधा मागे पडतात. पण फोटो इंग्रजी मासिकांतले, चेहरे गोरे, आणि शब्दांच्या छटा इतक्या बारीक की अर्धी परीक्षा शब्दसंग्रहाची होते. ओशाळा, कावराबावरा, वरमलेला, खजील यांतला फरक मराठीत दाखवायला सोपा आहे, तो ज्याला ते शब्द येतात त्यालाच.

डॉक्टरांसाठी वेगळी पट्टी आहे. फिलाडेल्फियाच्या जेफर्सन विद्यापीठात मोहम्मदरझा होजात यांनी तयार केलेली, २० वाक्यांची, सात पायऱ्यांची. भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही ती बरीच फिरली. होजात यांना आपल्या विद्यार्थ्यांत असं दिसलं की पहिली दोन वर्षं गुण टिकतात आणि तिसऱ्या वर्षी, नेमके रुग्णांच्या खाटेपाशी जायला लागले की घसरतात. २०१९ पासून आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच वृत्ती, नीती आणि संवादाचा भाग घातला आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातली मुलंही तो शिकतात. रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागापुढे लागणारी रांग बघितली की त्या तिसऱ्या वर्षाबद्दल मला आश्चर्य वाटत नाही.

डायमंडबाईंचा विशिष्ट माणूस परत आणला तो विल्यम इक्स यांनी, १९९० मध्ये, टेक्सासमध्ये. दोघांना एका खोलीत ‘जरा थांबा’ म्हणून बसवायचं आणि नकळत चित्रण करायचं. मग परवानगी घेऊन दोघांना वेगवेगळं ते दाखवायचं. मला तेव्हा काय वाटत होतं ते मी जिथल्या तिथे लिहायचं. मग तीच फीत बघून समोरच्यानं ओळखायचं. आता क्रॉनबाकना बोलायला जागा कमी राहिली, कारण पडताळा क्षणाक्षणाचा होता. परक्यांपेक्षा मित्रांचे अंदाज जास्त बरोबर येतात, असं यातून दिसलं.

वयाच्या प्रश्नाला खरी कलाटणी अशा प्रयोगांनी दिली. रिक्टर आणि कुन्त्समान यांनी २०११ मध्ये लोकांना दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या फिती दाखवल्या. विषय वृद्धांच्या जिव्हाळ्याचा असला की त्यांची मागे पडण्याची गोष्ट बरीचशी विरून जायची, आणि कळवळा तर त्यांच्यात जास्तच दिसायचा. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय त्यांनी वाचला असण्याची शक्यता कमी. पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०१३ चा, राउअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तरुण आणि वृद्ध जोडप्यांना फोन दिले. दिवसातून अनेकदा फोन वाजायचा आणि विचारायचा, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय, आणि तुमच्या जोडीदाराला कसं वाटत असेल? जोडीदार समोर असताना तरुण जास्त बरोबर निघाले. त्यांना चेहरा वाचता येत होता. जोडीदार नजरेआड असला की दोन्ही वयांतला फरक नाहीसा झाला. म्हातारा वावरात गेलेला असताना त्याच्या मनात काय चाललं असेल हे घरात भाकरी थापणाऱ्या म्हातारीला कळतं, आणि तिला त्यासाठी त्याचे डोळे लागत नाहीत.

डेव्हिसच्या वाक्यांत ‘इतर लोक’ पुन्हा पुन्हा येतात. हे इतर लोक कोण, हे ती वाक्यं सांगत नाहीत. भाऊकीतला की शेजारचा, उधारी थकवणारा की दुबार पेरणीला बियाणं देणारा, कोलाम पोडावरचा की पंचायतीतला? शहरातला विद्यार्थी त्या ‘इतर’ शब्दावरून सहज पुढे जातो, त्याला तसं शिकवलेलं असतं. मारेगावकडच्या एखाद्या आजीपुढे बसून तिला विचारलं, दुसऱ्याचं दुःख पाहून तुमाले वाईट वाटते का, तर ती पाच घरांपैकी कुठल्याच घरात जाणार नाही. ती आधी विचारील, “कोनाचं?”